मालूच्या डाव्या पायाचा फर्मा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाय आहे. दचकू नका, मी कुणाचा तुटलेला पाय नव्हे. मोची लोक मला फर्मा म्हणतात. बूट शिवायचा तर चामडे कशावर तरी ताणावे लागते, खिळे ठोकावे लागतात. खरा माणूस ते सोसून घेणार नाही, म्हणून आमची योजना. बूट तयार झाला की आम्हाला ओढून बाहेर काढतात. मग बूट रस्त्याने चालू लागतो आणि आम्ही पुन्हा फळीवर जाऊन बसतो. मी पाय असून आयुष्यात एक पाऊल चाललेलो नाही.

माझ्या अंगावरून बोट फिरवलेत तर खिळ्यांची भोके लागतील. दुखते का, असे पोरे विचारतात. नाही दुखत, लाकडाला काय दुखायचे आहे? आता जे सांगणार आहे तेही मी असेच कोरडेपणाने सांगणार. जिच्या हाताखाली मी वाढलो तिला दुसरी रीत येत नव्हती, मग मला कुठून येणार?

माझे लाकूड मलबारी सागवान. बहरीनमध्ये तेव्हा अजून लाकडी गलबते बांधत असत, आणि त्यांच्यासाठी सागाचे ओंडके समुद्रातून येत. अशाच एका गलबताचा उरलेला तुकडा महादेव सुतारांनी घरी आणून ठेवला होता. महादेव मालवणकडचे. मनामा शहरात, नईम भागातल्या एका जुन्या घरात ते आणि त्यांची बायको शेवंती राहत. ते दिवसभर बांधकामावर दारांच्या चौकटी बसवत. शेवंतीबाई इस्पितळात आया होत्या. त्यांच्या शेजारच्या खोलीत एक चिनी कुटुंब राहायला आले. नवरा, बायको आणि एक लहान मुलगी.

नवरा मोची होता. मुंबईत माझगावला चिनी लोकांची छोटी वस्ती होती, तिथे त्याचे दुकान होते. बायकोचे नाव लान. ती लहानपणी काकाबरोबर चीनहून बोटीने कलकत्त्याला आली, तिथून लग्न होऊन मुंबईला आली आणि मुंबईहून नवऱ्याच्या मागोमाग बहरीनला. नईममधल्या मुख्तारशेठनी त्याला आपल्या बुटांच्या दुकानात कारागीर म्हणून बोलावले होते. इतकी गावे पाहिलेली बाई, पण कुठल्याच गावाबद्दल ती बोलत नसे.

मुलीचे नाव मेई-लू. शेवंतीबाईंनी दोन दिवस ते नाव घोळवून पाहिले आणि मग सांगून टाकले, "माका तुझा नाव घेवक जमणा नाय गो बाय. मी तुका मालूच म्हणतलंय." तेव्हापासून ती साऱ्या गल्लीची मालू झाली. मालूला मुंबईत असताना तापातून पोलिओ झाला होता. तिचा डावा पाय बारीक राहिला, आखूड राहिला, आणि पाऊल आत वळले. वडील तिला बाजारचे बूट आणून देत आणि डाव्यात चिंध्या कोंबत. पाय मागाहून वाढेल, घाई नको, असे ते म्हणत. स्वतः मोची असून मुलीचा बूट त्यांनी शिवला नाही. शिवला असता तर पाय वाढणार नाही हे कबूल करावे लागले असते.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते वारले. सकाळी छातीत दुखले आणि दुपारी संपले. दुसऱ्या दिवशी त्यांना पुरले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लानबाई दुकानात जाऊन त्यांच्या बैठकीवर बसल्या. मुख्तारशेठ म्हणाले, "औरत लोग कभी जूता बनाती है क्या?" लानबाईंनी नवऱ्याच्या हातून अर्धा राहिलेला बूट मांडीवर घेतला, तो पुरा केला आणि शेठच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "खलास. बैठो." नवऱ्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे बुटांचे वरचे चामडे लानबाईच शिवत आल्या होत्या, हे शेठना ठाऊक नव्हते. त्यांनी कधी विचारले नव्हते आणि लानबाईंनी सांगितले नव्हते. त्या रडल्या का, असे शेवंतीबाई पुढे अनेकांना विचारत. कुणीच पाहिले नव्हते.

मग एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांनी मालूला ओट्यावर बसवले आणि तिचा डावा पाय दोन्ही हातांत धरून डोळे मिटले. बराच वेळ त्या पाय चाचपत राहिल्या. मग महादेवांना हाक मारली. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले, ऐसा पाव बनाव. महादेवांनी तो सागाचा तुकडा बाहेर काढला.

"ह्यां लाकूड गलबताचां," ते म्हणाले. "समुद्रात कुजणारा नाय, तां पोरीच्या पायात काय कुजतला?"

असा माझा जन्म झाला. महादेव तासत, आणि लानबाई एका हातात मालूचे पाऊल, दुसऱ्या हातात मला धरून पुन्हा डोळे मिटत. इथे जास्त आहे, इथे कमी झाले, असे बोटाने दाखवत. महादेव वैतागले. चौकटी बसवणारा माणूस, त्याला सरळ रेघ ठाऊक. माझ्यात एकही रेघ सरळ नव्हती. शेवटी एकदा लानबाईंनी डोळे मिटले आणि "हं" म्हणाल्या. कौतुक, मान्यता, आनंद, सगळ्याला त्यांचा तो एकच शब्द होता. महादेवांना तो पुरेसा वाटला नाही, पण मला वाटला.

माझ्यावर पहिला बूट चढला. काळे मऊ चामडे, आत बुचाचा थर, म्हणजे आखूड पाय उंच व्हावा. बाहेरून दोन्ही बूट सारखे दिसत. मालूने ते घातले, भिंत सोडली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. मग परत आली. मग बाहेर पळाली, आणि सगळ्या गल्लीला पाय दाखवून आली. घरी आईशी ती त्यांच्या चिनी बोलीत बोले. आई म्हणजे आमे. ती बोली मला सहवासाने कळू लागली, म्हणून तुम्हाला मराठीत सांगतो.

"आमे, हे माझे?"

"फुकट नाही," लानबाई म्हणाल्या. "काहीतरी मोल दे."

त्यांच्याकडे अशी समजूत होती की बूट कुणाला फुकट देऊ नयेत. फुकट मिळालेले बूट माणसाला देणाऱ्यापासून दूर चालवत नेतात. म्हणून घेणाऱ्याने हातावर काहीतरी ठेवायचे, काहीही, म्हणजे ती भेट राहत नाही आणि माणूस जवळ राहतो. मालूने खिसा चाचपला. मागच्या शुक्रवारी मायलेकी बुसैतीनच्या किनाऱ्यावर गेल्या होत्या, तिथला एक शिंपला तिच्या खिशात होता. तो तिने आईच्या हातावर ठेवला. लानबाईंनी तो दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात टाकला आणि डबा माझ्या शेजारी फळीवर ठेवला. खण्ण असा आवाज झाला. त्यानंतर दर जोडाला एक शिंपला, हा रिवाज पडला.

आता माझ्या कामाची वर्षे. मी आणि तो डबा दुकानातल्या फळीवर राहायला गेलो. मुले वाढतात तसे मालूचे उजवे पाऊल वाढले, आणि त्या बाजूचा फर्मा दर थोड्या दिवसांनी बदलत गेला. माझे तसे नव्हते. आजारी पाय फार हळू वाढतो. तो जितका वाढे तितके चामड्याचे ठिगळ लानबाई माझ्या अंगठ्यावर, टाचेवर चिकटवत आणि काचेने घासून गुळगुळीत करत. उजवीकडचे सोबती आले आणि गेले, डावीकडे मीच राहिलो. ठिगळांनी माझे रूप बिघडले हे खरे. पण मला कुणी टाकले नाही, याचा मला थोडा गर्वही आहे.

लानबाई सकाळी भात टाकून दुकानात येत, दुपारी तिथेच एक घास खात, पुन्हा बसत, अंधार पडल्यावर उठत. तोंडात बारीक खिळे धरायचे, एकेक ओठावर आणायचा, पकडीने चामडे खेचायचे, हातोडीचा एक ठोका. पायांत रबरी चपला. बुदैयाकडच्या बंगल्यांतून मोटारीने बायका येत, सोनेरी सॅन्डल शिवून घेत, आणि लानबाई त्यांच्या पायांशी बसून माप घेत. स्वतःसाठी त्यांनी कधी जोडा शिवला नाही. त्या रबरी चपला झिजल्या की तसल्याच दुसऱ्या येत.

शाळा सुटली की मालू माझ्या फळीखाली बुटकुळ्या स्टुलावर बसून गृहपाठ करी. करी म्हणजे काय, वही उघडी ठेवी आणि आईकडे पाहत बसे. पेन्सिलीचे तुकडे ओठांत धरून ती आईसारखे खिळे धरायचा सराव करी. शेवंतीबाई एकदा म्हणाल्या, "अगो, काय बघतंस एवढां आवशीकडे? सिनेमा आसा काय?" मालू म्हणाली, "शी नेव्हर मिसेस, आँटी. सी! एक पण ठोका चुकत नाही." शाळेत एक मुलगी तिला मोचिणीची मुलगी म्हणाली. तिने त्या मुलीला विचारले, तुझ्या आईने तुझ्यासाठी काय बनवले आहे ते दाखव, मी दाखवते. आणि पाय पुढे केला. हा पराक्रम तिने घरी येऊन आईला सांगितला. लानबाईंनी दोरा मेणातून ओढता ओढता ऐकले आणि म्हणाल्या, "हं." मालूला तेवढे दिवाळीसारखे पुरले. आमच्या मालूला आपल्या आईचे जितके वाटे, तितके कुणाला कुणाचे वाटताना मी पाहिलेले नाही.

वर्षे गेली. समोरची मातीची घरे पडली, सिमेंटची आली. महादेवांचे केस पिकले. मालू उंच झाली.

मग एका संध्याकाळी शेवंतीबाई भाकऱ्या करत असताना लानबाईंनी चुलीवरचा रिकामा तवा उचलून बाजूला ठेवला. हाताने, फडके न घेता.

"लानबाय! तवो तापलेलो आसा मां!" शेवंतीबाई ओरडल्या.

लानबाईंनी बोटांकडे पाहिले. बोटे लाल झाली होती. त्यांनी ती पदराला पुसावी तशी झग्याला पुसली आणि म्हणाल्या, "गरम नहीं था." पुढे इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितले, वर्षानुवर्षे पकड दाबून बोटांच्या शिरा मेल्या आहेत, हाताला विश्रांती द्या. लानबाईंनी मान हलवली आणि संध्याकाळी दुकानात येऊन बसल्या. विश्रांती घेतली तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर व्हिसा जाणार, हे काय डॉक्टरांना सांगायचे? हात चालत होते. त्यांना नुसते काही कळत नव्हते. तेव्हापासून आम्ही दोघे एका जातीचे झालो.

पण मोचिणीला बोटे कळण्यासाठीच असतात. बूट माझ्यावरून उतरला की ती आत हात घालते आणि एखादा खिळा राहिलाय का, टोक वर आलेय का, ते बोटांनी चाचपते. डोळ्यांना तिथले दिसत नाही. शहाऐंशी साल लागले तेव्हा लानबाईंनी मालूसाठी नवा जोड केला, आत हात फिरवला, "हं" म्हणाल्या, आणि डब्यात शिंपला पडला.

त्यात एक खिळा राहिला होता.

मला हे कसे कळले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी शेठनी दुपारनंतर दुकान बंद ठेवले होते, लानबाई घरी पडल्या होत्या. मालू एकटी आली, कुलूप उघडून आत बसली आणि तिने डावा मोजा काढला. मोजा तळव्याला चिकटला होता. रक्त सुकले होते. ती त्या बुटाने शाळेत गेली होती, पायऱ्या चढली होती, घरी येऊन आईसमोर फिरली होती आणि लंगडी नव्हती, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त लंगडी नव्हती. तिने आईच्या पकडीने खिळा ओढून काढला, बूट पुन्हा माझ्यावर चढवला, हातोडीने जागा सपाट केली. मग थोडा वेळ मला मांडीवर धरून तशीच बसली. रडलीही नाही. आईचीच मुलगी.

त्या दिवसापासून तिचे एक नवे काम सुरू झाले. संध्याकाळी आई चहा प्यायला उठली की मालू तयार झालेले सगळे जोड घेई आणि एकेकात हात घालून पाही. सापडला तर खिळा काढी आणि खिशात टाकी. बुदैयाच्या मोटारीतल्या बायकांच्या पायांना कधी काही टोचले नाही, मुख्तारशेठना कधी तक्रार आली नाही. लानबाईंची बोटे आता मालूच्या हाताला होती, आणि लानबाईंना ते ठाऊक नाही असे मालूला वाटत होते.

त्याच वर्षी लीना मॅडम आल्या. त्या पुण्याच्या, शेवंतीबाईंच्या इस्पितळात पायांचे व्यायाम करून घेत. मालूचा बूट हातात घेऊन त्यांनी विचारले, "कोणी बनवला हा?" मालू म्हणाली, "माय मदर." लीना मॅडमनी बूट उलटून शिलाई पाहिली. मग त्यांनी पुण्याच्या एका संस्थेबद्दल सांगितले. तिथे अधू पायांसाठी बूट आणि आधार बनवायचे दोन वर्षांचे शिक्षण मिळे, राहायची सोय होती. मालूने अर्ज केला आणि तिला जागा मिळाली. ज्या दिवशी ते कळले त्या दिवशी ती हसत दुकानात आली, मांडलेले नवे जोड पाहिले, आणि तिचे हसू गेले.

शेवंतीबाईंना तिने दुकानाच्या दारातच सांगितले. "आय अ‍ॅम नॉट गोइंग, आँटी. हू विल चेक द शूज?"

"माका इंग्लिश नको सांगू. कसले शूज?"

मालूने मग मराठीत सांगितले, हळू आवाजात, खिळ्याचे, बोटांचे, सगळे. शेवंतीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तरी जा गो बाय. तुझ्या आवशीक मी आसंय हय."

"तुम्हाला शूजचं काय कळतं, आँटी?" मालू म्हणाली. ते उद्धट होते, पण खरे होते. 

आत लानबाई चामडे कापत होत्या. त्यांना मराठी फारसे येत नव्हते, पण इतक्या वर्षांच्या शेजारात माणसाला बरेच कळते. आणि खरे तर त्यांना आधीच कळले होते. मालूच्या त्या बुटाचे अस्तर बदलायला त्यांनी तो उकलला होता, तेव्हा आतला तपकिरी डाग पाहिला होता, आणि डागाच्या मधोमध ठोकून सपाट केलेली जागा. असा ठोका आपला नाही, हे मोचिणीला कळते. त्यांनी तो अस्तराचा तुकडा रापीने कापून काढला आणि नवे अस्तर लावले. बोलल्या नाहीत. हात मात्र थोडा वेळ थांबला होता, तेवढे मी पाहिले.

आता काय होणार, ते मला कळेना. मुलगी थांबली तर जन्मभर या फळीखाली बसून आईचे खिळे शोधणार. गेली तर आईचा एखादा खिळा कुणाच्या पायात जाणार. मायलेकी जेवत, झोपत, उठत, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. संस्थेला होकार कळवायची वेळ जवळ येत चालली.

एका सकाळी शेवंतीबाई दुकानाच्या उंबऱ्यावर बसून देवापुढच्या वाती वळत होत्या. कापसाचा पेळू मांडीवर ओढताना त्याचा एक तंतू त्यांच्या फाटक्या नखात अडकला आणि पेळू लोंबकळला. त्यांनी "च्" केले आणि तो तोडला. लानबाई समोर होत्या. त्यांनी त्या लोंबणाऱ्या तंतूकडे टक लावून पाहिले, आणि हात पुढे केला.

"कापूस देव."

"कान दुखता काय?" शेवंतीबाईंनी विचारले आणि मूठभर कापूस दिला.

लानबाईंनी एक बूट उचलला, कापसाचा सैल बोळा काडीला बांधला आणि आतून सगळीकडे फिरवला. बोळा बाहेर काढला. त्याला मधेच शेपूट फुटले होते. जिथे अडकला तिथे त्यांनी पकड घातली आणि खिळा बाहेर आला. पुन्हा फिरवला. या वेळी बोळा जसा गेला तसा गोल बाहेर आला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. "हं," म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी तो शब्द इतका लांब ऐकला नव्हता.

मग त्यांनी मला फळीवरून काढले. चांगल्यातले चांगले चामडे घेतले, आणि मालूसाठी जोड करायला घेतला. दुहेरी तळ, मेण लावलेला दोरा, टाचेला जाड कातडे. हा बूट वर्षभराचा नव्हता, कितीतरी वर्षांचा होता. हे मला चढवतानाच कळले.

संध्याकाळी मालू आली. लानबाईंनी तिला स्टुलावर बसवले, तिच्यासमोर कापूस दोन्ही बुटांतून फिरवला आणि गोल बोळा तिच्या हातावर ठेवला. मालूने तो उलटून पाहिला. एकही तंतू निघालेला नव्हता. तिने इतर जोडही पाहिले. त्यांतही काही नव्हते.

"तुला माहीत होतं," मालू म्हणाली.

लानबाई उत्तरादाखल खाली बसल्या आणि गिऱ्हाइकांचे बूट घालतात तसे त्यांनी मुलीचे बूट घातले, बंद बांधले. मालूने नेहमीप्रमाणे खिशातून शिंपला काढला. जोडाचे काम चालू असल्याचे पाहून तिने तो आधीच आणून ठेवला होता. तिने हात पुढे केला.

लानबाईंनी तो शिंपला घेतला नाही. मालूची बोटे एकेक करून त्यावर मिटवली आणि तिची मूठ तिच्याकडे ढकलली.

"या वेळी फुकट," त्या म्हणाल्या.

मालूला अर्थ कळला. मला कळला. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या शेवंतीबाईंना रिवाज ठाऊक होता, त्यांनी तोंडाला पदर लावला. मालू आईच्या मांडीवर डोके ठेवून मोठ्याने रडली. लानबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. त्या हाताला केस कळत नव्हते, तरी फिरवत होत्या.

पुढच्या आठवड्यात मालू गेली. महादेव ट्रंक घेऊन विमानतळावर गेले. लानबाई दुकानात होत्या, एका बाईचे सॅन्डल संध्याकाळी द्यायचे होते. मालूने मला बरोबर नेले नाही. नेले असते तर इथला बूट आता संपला, असे म्हटल्यासारखे झाले असते, आणि ते ती म्हणणार नव्हती. तिच्याबरोबर लानबाईंच्या जुन्या रबरी चपलाही गेल्या, पण ते तेव्हा कुणाला कळले नाही. सकाळी चपला सापडेनात म्हणून लानबाईंनी सगळीकडे शोधले. शेवंतीबाईंनी कचऱ्यात टाकल्या असतील असे वाटून त्या दोन दिवस त्यांच्याशी जरा कमी बोलल्या, म्हणजे काहीच बोलल्या नाहीत. मग तसल्याच दुसऱ्या आणल्या.

मित्रांनो, त्यानंतर माझ्यावर बूट चढला नाही. धूळ बसली. माझ्या ठिगळांच्या कडा सुटून वर आल्या. शेजारी शिंपल्यांचा डबा, खाली रिकामे स्टूल. लानबाई खिळे ठोकत, कापूस फिरवत, अंधार पडल्यावर घरी जात. त्या कधी माझ्याकडे पाहत नसत. मला वाईट वाटले का? मी लाकूड आहे असे मी सुरुवातीलाच सांगितले. पण रोज संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला हातोडी थोडी थांबायची, आणि ते मला सोसत नसे. आता कबूल करायला हरकत नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात दारात पावले वाजली. एक जड, एक हलके. मला ती जोडी ठाऊक होती. मालू आत आली. पायांत तेच बूट, दोनदा तळ बदललेले. तिने हातातले खोके आईसमोर ठेवले आणि स्वतः जमिनीवर बसली.

खोक्यात बायकी बूट होते. तपकिरी, साधे, रुंद चवड्याचे, आत मऊ अस्तर. लानबाईंनी पाहिले की शिलाई घट्ट आहे आणि अंतर सारखे आहे. मग त्यांनी विचारले, "कुणाचे?"

"तुझे."

"माझे माप कुठे होते तुझ्याकडे?"

मालूने पिशवीतून त्या जुन्या रबरी चपला काढल्या. उजव्या अंगठ्याखाली खड्डा, डाव्या टाचेला बाहेरून झीज. पुण्यात तिने त्या झिजीवरून आईच्या पायाचे फर्मे केले होते. शेवंतीबाई मागून म्हणाल्या, "बघ! आणि दोन दिवस माझ्याशी अबोलो धरलास!"

मालूने आईच्या रबरी चपला काढल्या आणि एकेक बूट घातला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांशी बसलेली बाई आता स्टुलावर बसली होती. ती उठली. दुकानाच्या दारापर्यंत गेली. परत आली. पुन्हा दारापर्यंत गेली आणि तिथेच, आमच्याकडे पाठ करून, थांबली.

"आमे? लागतो कुठे?"

"हाताला काही कळत नाही माझ्या," लानबाई म्हणाल्या. "पायाला कळतंय." त्या वळल्या तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते. जे पाहायला शेवंतीबाई चौदा वर्षे थांबल्या होत्या ते त्यांनी शेवटी पाहिले, आणि पाहवले नाही म्हणून त्या चहा टाकायला निघून गेल्या.

लानबाईंनी झग्याने तोंड पुसले. मग त्या घाईघाईने इकडेतिकडे पाहू लागल्या. फुकटचे बूट त्यांच्या पायांत होते, मोल द्यायला हवे होते. त्यांचा हात आधी शिंपल्यांच्या डब्यावर गेला. पण ते शिंपले मालूनेच दिलेले, तिचेच तिला कसे द्यायचे? मग हात शेजारी आला. त्यांनी मला उचलले, झग्याने माझी धूळ पुसली, आणि मालूच्या हातांत ठेवले.

मालू हसत होती आणि रडत होती. "हे मोल जास्त झालं, आमे."

"मग सुटे परत दे," लानबाई म्हणाल्या.

मालूने पाकीट उघडले. त्यात, तिकिटाच्या मागे, तो शिंपला होता, जो दोन वर्षांपूर्वी तिच्या मुठीत परत ढकलला होता. तिने तो आईच्या हातावर ठेवला. लानबाईंना तो हाताला कळला नसेल, पण त्यांनी पाहिला आणि ओळखला. त्यांनी डबा खाली घेतला आणि शिंपला आत टाकला. खण्ण असा आवाज झाला.

आता मी मालूच्या कामाच्या बाकावर असतो. माझी ठिगळे तिने पुन्हा चिकटवली आहेत. अधू पायांची मुले येतात, माझ्या भोकांवरून बोटे फिरवतात आणि दुखते का विचारतात. मी नाही म्हणतो, ते तुम्हाला माहीतच आहे.

मित्रांनो, मोठा उपदेश करायची माझी लायकी नाही, मी तर एक पाऊल चाललेलो नाही. एवढेच सांगतो. आज घरी गेलात की आईची चप्पल एकदा उलटी करून पाहा. उलटी चप्पल दिसली की घरात भांडण होते, असे म्हणतात. होऊ द्या. पण ती कुठे झिजली आहे, ते नीट बघून ठेवा.